एकतीस बाटल्यांतली साखर

एकतीस बाटल्या माझ्या टेबलावर रांगेत उभ्या होत्या आणि एकतीसही माणसांना डायबेटिस निघाला होता.

गुरुवार दुपारचा दीड. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे ऑफिसातले निम्मे लोक वीकेंडच्या तयारीत. मी मात्र खुर्चीत ताठ बसलो होतो. मनात भीती होती. पण लाज सोडून सांगतो, भीतीच्या खाली थोडा आनंदही होता. संशोधकाच्या आयुष्यात असा आकडा क्वचित येतो. शंभर टक्के! कसलाही शोध लागला तर तो असाच लागत असणार, असं मला त्या क्षणी वाटलं.

माझं काम आधी सांगतो. मी पुण्यात हवामानशास्त्र शिकलो, बरीच वर्षं पावसाचे आकडे मोजले आणि मग जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा देशात नोकरी धरली. मस्कतच्या एका संशोधन संस्थेत मी उन्हाचा आणि माणसांच्या तब्येतीचा संबंध शोधतो. उकाडा वाढतोय, तर उघड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचं काय होतं, त्याच्या कमाईचं, घराचं काय होतं, असा तो विषय. ओमानमध्ये उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरची कामं बंद ठेवायचा नियम आहे. पण सकाळी साडेनऊचं ऊनही काही कमी नसतं, आणि समुद्राकाठी तर हवेत इतका ओलावा असतो की घाम सुकतच नाही.

सूर या समुद्राकाठच्या शहराच्या पुढे एका बांधकाम कंपनीची साइट होती. तिथली एकतीस माणसं आम्ही निवडली. प्रश्न साधा होता: ही माणसं पुरेसं पाणी पितात का? त्याचं उत्तर रक्त न काढता मिळतं, सकाळच्या पहिल्या लघवीतून. त्यासाठी एक रंगांचा तक्ता असतो. फिकट पिवळा म्हणजे पाणी भरपूर, चहासारखा गडद म्हणजे पाणी कमी. शिवाय एक छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र असतं. त्यात एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, आणि द्रव किती दाट आहे ते कळतं. पाणी कमी प्यायलं की रंग गडद आणि द्रव दाट. दोन्ही एकत्र चालतात.

माझ्या बाटल्यांत ते एकत्र चालत नव्हते. रंग पाहिला तर लिंबाच्या सरबतासारखा, सगळ्यांचा. पहिल्या दिवशी मी खूश. आमच्या पाण्याच्या ब्रेकची योजना काय जोरदार चालली आहे! यंत्रात पाहिलं तर सगळ्यांचं दाट. यंत्र बिघडलं असणार म्हणून पुसलं. डिस्टिल्ड वॉटर घालून पाहिलं, यंत्र ठणठणीत. मग लॅबमधून तपासणीच्या कागदी पट्ट्या आणल्या. या पट्टीवर रंगीत चौकोन असतात, त्यातला एक साखरेचा. तो निळसर राहायला हवा. माझ्या पहिल्या पट्टीवर तो तपकिरी झाला. दुसऱ्यावर तपकिरी. एकतिसाव्यावरही तपकिरी.

साखर! म्हणून द्रव दाट. आणि साखर असली की लघवी जास्त होते, म्हणून रंग फिकट. कोडं सुटलं.

इथे शहाण्या माणसाने थांबून चहा प्यायला असता. मी सिद्धांत मांडला. साइटवर एनर्जी ड्रिंकचे रिकामे कॅन मी पाहिले होते. ऊन वाढलं, तहान वाढली, गोड पेयं वाढली, डायबेटिस झाला. सुरेख. वीस मिनिटांत मी ई-मेल लिहिला, त्यात ‘इमीजिएट कन्सर्न’ हे शब्द ठळक केले, सगळ्या निकालांची एक्सेल शीट जोडली आणि बटण दाबलं.

बटण ‘रिप्लाय ऑल’चं होतं.

ज्या जुन्या ई-मेलवर मी उत्तर दिलं, तो साइटवर जायच्या परवानगीचा होता. त्यात आमच्या प्रमुख डॉ. सलमा होत्या, कंपनीचा सेफ्टी ऑफिसर होता आणि कंपनीचे एचआर मॅनेजर गोखले होते.

पाऊण तासात फोन वाजला.

“डॉक्टर, गोखले बोलतोय. ई-मेल बघितला. उत्तम काम केलंत.”

“थँक्यू. अजून प्राथमिक आहे, पण—”

“हो हो. मी लिस्ट काढली. एकतीसच्या एकतीस, बरोबर?”

“लिस्ट कसली?”

“अहो, पुढच्या महिन्यात या ग्रुपच्या व्हिसाचं रिन्यूअल आहे. अनफिट माणसं उन्हात उभी केली आणि उद्या कुणी पडला, तर जबाबदार कोण? रविवारी बस पाठवतोय. मस्कतला आणतो, कागद करतो, फाइल क्लोज. बदली माणसांचं एजंटला सांगितलंय.”

“पण क्लिनिकमध्ये तपासतील ना आधी?”

“तुम्ही तपासलंयत की. डॉक्टर आहात तुम्ही.”

मी डॉक्टर आहे. माझ्या पीएच्.डी.चा विषय मोसमी वाऱ्यांचा उशीर हा आहे. गेली नऊ वर्षं या देशात मला सगळे डॉक्टर म्हणतात. कुणी दुखणं विचारलं तर मी गंभीर चेहऱ्याने पाणी जास्त प्या असं सांगतो. गैरसमज दूर करायची घाई मी कधी केली नव्हती. आताही सांगायला तोंड उघडलं, पण तोवर गोखल्यांनी फोन ठेवला होता.

एकतीस घरं. बहुतेक सिंधुदुर्गातली, काही रत्नागिरीची. आणि रविवार फक्त तीन दिवसांवर.

तेवढ्यात दुसरा फोन. डॉ. सलमा. या ओमानी, खऱ्या डॉक्टर, रुग्ण तपासलेल्या. कमी बोलतात. मला ‘दोक्तोर’ म्हणतात आणि त्यात किती आदर आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही.

“दोक्तोर, सरासरी पाहिली. स्प्रेड किती आहे?”

स्प्रेड म्हणजे आकड्यांचा पसारा. वर्गातल्या मुलांची उंची मोजली तर सरासरी एक येते, पण कुणी बुटका असतो, कुणी उंच. माणसं मोजली की पसारा असतोच. मी शीट उघडली. पसाऱ्याचा रकाना मी बघितलाच नव्हता.

“स्प्रेड चांगला आहे, मॅडम. म्हणजे... जवळजवळ शून्य.”



“दोक्तोर. एकतीस माणसं आणि मूत्रपिंड एकच?”

मी तो रकाना वरून खाली पुन्हा पाहिला.

“बाटल्या भरताना तिथे कोण होतं?”

“फोरमन.”

“आणि तू?”

मी सूरच्या हॉटेलात अंडा-परोठा खात होतो. नियमाप्रमाणे पहाटे बाटल्या गोळा करताना मी हजर असायला हवं होतं. मी साडेआठला पोचलो तेव्हा फोरमनने मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बाटल्या ओळीने लावून ठेवल्या होत्या. एकही कमी नाही, एकही सांडलेली नाही. मी त्याची पाठ थोपटली होती.

“आणि शीटमध्ये बाटल्यांचे हे नंबर कसले? कोड नंबर असे नसतात.”

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी मनात देवाचं नाव घेत होतो. एथिक्स कमिटीला आम्ही लिहून दिलं होतं की बाटलीवर नुसता कोड असेल, माणसाची ओळख कुठेच दिसणार नाही. पण एकतीस कोड बनवायचे, त्यांची वेगळी यादी करायची, ती कुलपात ठेवायची... एचआरची यादी आयती होती. त्यात प्रत्येकाचा रेसिडेंट कार्डाचा नंबर होता. मी तोच बाटल्यांवर चिकटवला.

“रेसिडेंट कार्डाचे,” मी म्हणालो.

“आणि ती शीट नावांसकट एचआरला गेली?”

“रिप्लाय ऑल झालं.”

“या रब्बी,” त्या म्हणाल्या, म्हणजे ‘अरे देवा’. मग एकदम कामाच्या आवाजात: “सूरला जा. उद्याच. जायच्या आधी माझ्याकडून ग्लुकोमीटर घेऊन जा. त्यांच्यातला एक माणूस खरंच आजारी आहे. तो कोण आहे ते शोध. आणि दोक्तोर, या वेळी तो पांढरा कोट घालू नकोस.”

मस्कतजवळच्या सीबहून सूर अडीच तास. शुक्रवारी सकाळी डोंगरातला रस्ता सुरेख असतो म्हणतात. मला त्यातलं काही दिसलं नाही. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य ‘माफ करा’ने सुरू होऊन ‘पण’वर अडकत होतं.

कॅम्पवर सुट्टी होती. दोरीवर कपडे, कुठे तरी बांगडा तळल्याचा वास. फोरमन परब लुंगी सावरत बाहेर आले. मालवणजवळचे, पन्नाशीचे, हाताखालच्या माणसांवर ओरडणारे आणि त्यांच्यासाठी भांडणारे.

“साहेबानू, शुक्रवारी? काय झाला?”

“परब, एक सांगा. बाटल्या कुणी भरल्या?”

“ज्येची तेना.”

“एकतीसही?”

“एकतीस.”

“परब, सगळ्या बाटल्यांत साखर आहे. सगळ्यांत सारखीच. गोखलेसाहेब रविवारी बस पाठवतायत, सगळ्यांना अनफिट करून घरी धाडायला. मी चूक केली आहे, आणि तुम्ही खरं सांगितल्याशिवाय ती निस्तरता येणार नाही.”

परबांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी दार लावलं. मग खाटेवर बसले.

“दाजीन भरल्यान,” ते म्हणाले.

“सगळ्या?”

“सगळ्यो. तीन खेपांत. तेका काय त्रास जावक नाय, उलट बाटल्यो कमी पडल्यो.”

दाजी म्हणजे कंपनीचे स्टोअरकीपर. एसी कंटेनरमध्ये बसून नटबोल्टांचा हिशोब ठेवणारे. ते उन्हात काम करत नाहीत, म्हणून आमच्या यादीत त्यांचं नावही नव्हतं.

“पण का, परब?”

“का काय? बाटलीर बताक्याचो नंबर!” रेसिडेंट कार्डाला इथे सगळे बताका म्हणतात. “तुम्ही पांढरो कोट घालून इल्लात. आणि वर हिंदीत सांगितलात, कोई टेन्शन नहीं. गल्फमदे कोण टेन्शन नाय म्हणाक लागलो की माणूस टेन्शन घेता, साहेबानू. रिन्यूअल तोंडार इल्ला. सगळ्यांक वाटला, कंपनीन चोरून मेडिकल लावल्यान. आमचो एक माणूस असोच गेलो, परत दिसाक नाय.”

“मग मराठीत का नाही विचारलंत मला?”

“तुम्ही मराठी असात ह्या आमका कोट उतरल्यार कळला.”

हे मात्र खरं होतं. सेफ्टी ऑफिसर शेजारी उभा होता म्हणून मी त्या दिवशी हिंदी आणि इंग्लिशमध्ये भाषण ठोकलं होतं. मालवणच्या माणसांपुढे.

“आणि दाजीच का?”

“सगळ्यांत फिट तो! बारा वर्सांत एक सीक लीव नाय. तेका ताप इल्लो कोणी बघूक नाय.”

मी परबांना म्हटलं, चला. कंटेनर उघडा होता. दाजी सुट्टीच्या दिवशीही स्टोअरमध्येच होते. चौपन्न वर्षांचे, भरदार, हसतमुख. शेजारी दीड लिटरची पाण्याची बाटली, निम्मी संपलेली, आणि खाली एक रिकामी. बाटल्यांचं नाव काढताच ते मोठ्याने हसले.

“परब, तुका पोटात काय र्‍हवत नाय!” मग माझ्याकडे वळून, “साहेब, माफी असा. पण काम तर झाला मा? सगळे पास?”

मी ग्लुकोमीटर काढला. आधी परबांनी बोट पुढे केलं. साडेपाच. दाजींनी हात पुढे केला, तोही मिरवत. टोचलं, थेंब पट्टीला लावला, पाच सेकंद थांबलो.

एकोणीस.

“एकोणीस म्हणजे कमीच की,” परब म्हणाले. “आमच्या गावाक दोनशे, अडीचशे असता.”

इथे साखर वेगळ्या मापात मोजतात. आपल्याकडच्या मापात आणायची तर अठराने गुणायचं. मी गुणलं. बोललो नाही, पुन्हा गुणलं. तीनशे चाळीसच्या वर.

“दाजी, पाणी किती पिता दिवसाला?”

“आठ-दहा बाटल्यो. एसीन घसो सुकता.”

“वजन?”

“थोडा उतरला. बायको फोनार म्हणता, बारीक झालास, बरा दिसतस.”

“पायाला वगैरे काही?”

त्यांनी सेफ्टी शू काढला. अंगठ्याच्या बाजूला जखम होती. बूट लागून झालेली, दीड महिन्यापूर्वीची. त्यांनी तीवर इन्सुलेशन टेप लावली होती. स्टोअरमध्ये तीच हाताशी होती.

मी सांगितलं. माझ्यासारख्या मोसमी वाऱ्यांच्या डॉक्टरला जेवढं सांगता येतं तेवढं. हे निदान नाही, पण साखर फार आहे, आजच खऱ्या डॉक्टरकडे जायला हवं, आणि ती टेप काढायला हवी.

दाजींनी टेपचं एक टोक उचकटून परत दाबलं. मग म्हणाले, “एकतीस जणांका पास करूक गेलंय आणि मीच नापास झालंय.”

परब हसायला गेले आणि थांबले.

“कंपनीक कळतला?” दाजींनी विचारलं. आता आवाज वेगळा होता. “साहेब, माजा चेडू, मुलगी माजी, फार्मसीच्या शेवटच्या वर्साक असा. माका दोन वर्सां काढूची असत. दोनच.”

“माझ्याकडून नाही कळणार,” मी म्हणालो. आदल्याच दिवशी एकतीस जणांची नावं वाटून बसलेल्या माणसाचा हा शब्द. त्यांनी तो मान हलवून घेतला, हे मला अजून आठवतं.

मी गाडीत जाऊन गोखल्यांना फोन लावला.

“गोखलेसाहेब, ती बस थांबवा. निकाल चुकीचे आहेत.”

“डॉक्टर, शुक्रवार आहे. जेवतोय मी. काल इमीजिएट कन्सर्न होता, आज चुकीचे?”

“आणि एक. मी त्या अर्थाने डॉक्टर नाही. माझी पीएच्.डी. हवामानातली आहे.”

पलीकडे चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला.

“हे तुम्ही आज सांगताय?”

“हो.”

“असं तोंडी नाही चालत. रिपोर्ट मागे घेतो असं लेखी द्या. कारणासकट. संध्याकाळच्या आत. नाहीतर बस ठरल्याप्रमाणे.”

कारणासकट! इथेच गाडी अडली. खरं कारण लिहिलं तर एकतीस माणसं आजारातून सुटतील आणि फसवणुकीत अडकतील. परब तर पहिले. दाजींचं नाव आलं की त्यांची दोन वर्षं संपली. खोटं कारण लिहिलं तर मी संशोधक कसला? एसी फुल करूनही माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी तीन मसुदे लिहिले. पहिल्यात मी फार सज्जन दिसत होतो, तो खोडला. दुसऱ्यात यंत्रावर ढकललं होतं. यंत्र बिचारं एकटंच बरोबर होतं. तोही खोडला.

तिसरा असा: बाटल्यांवरची लेबलं मी मंजूर पद्धत सोडून लावली. गोळा करताना मी हजर नव्हतो. त्यामुळे कोणता नमुना कोणत्या माणसाचा हे सांगता येत नाही. एकही निकाल कुणाही व्यक्तीला लागू करू नये. ओळख सांगणारी शीट मी चुकून पाठवली, ती कृपया डिलीट करावी. जबाबदारी पूर्णपणे माझी.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. काही वाक्यं लिहिली नव्हती, एवढंच. डॉ. सलमांना फोनवर मात्र सगळं सांगितलं, तेही धरून जे मेलमध्ये नव्हतं. त्या ऐकून म्हणाल्या, “खलास, झालं. पाठव. आणि त्या माणसाला क्लिनिकला ने.”

पाठवला. या वेळी कुणाकुणाला जातोय ते चार वेळा वाचलं.

शुक्रवारची नमाज झाल्यावर सूरमधलं एक क्लिनिक उघडलं. दाजी मागच्या सीटवर बसले होते, परब पुढे. तिथल्या डॉक्टरने टेप काढली, माझ्याकडे बघून विचारलं, “हे कुणी केलं?” दाजी म्हणाले, “मीच.” मला उगाच बरं वाटलं. त्या दिवसात दुसऱ्या कुणाची तरी चूक निघाली होती. डॉक्टर म्हणाला, अजून महिनाभर गेला असता तर अंगठा वाचवणं कठीण होतं. गोळ्या, ड्रेसिंग, आठवड्याने परत.

परतताना माझा फोन वाजला. गोखल्यांचा मेल. उघडायला मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मजकूर एका शब्दाचा: ‘नोटेड.’

नोटेड म्हणजे काय? बस येणार की नाही? शनिवार पूर्ण मी त्या एका शब्दाचे अर्थ लावत घरात फिरत राहिलो. रविवारी सकाळी सात वाजता परबांचा फोन आला. “बस नाय इली, साहेबानू. कामार चललो.” मी तिथेच सोफ्यावर बसलो.

माझं काय झालं? एथिक्स कमिटीने माझं फील्डवर्क त्या मोसमापुरतं थांबवलं आणि मला ‘संशोधन नीतीची ओळख’ हा ऑनलाइन कोर्स करायला लावला. बरोबर नुकतेच रुजू झालेले विद्यार्थी होते. शेवटच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो. माणसांची ओळख गुप्त ठेवण्याच्या धड्यातच.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही परत गेलो. मराठीत बोललो, बाटल्यांवर कोड लावले, पहाटे पाचला मी उभा. या वेळी बाटल्या कोऱ्या चहासारख्या गडद होत्या, काही जास्त, काही कमी. पसारा भरपूर. माणसं पाणी कमीच पीत होती. कारण कामाच्या जागेपासून टॉयलेट लांब होतं, आणि जाऊन यायला लागणारा वेळ सुपरवायझर मोजायचा. उन्हाचा अभ्यास करताना हे माझ्या कुठल्याच सिद्धांतात नव्हतं. अहवाल डॉ. सलमांनी मांडला. टॉयलेट जवळ आलं.

सगळ्यांची रिन्यूअल्स झाली. माझ्या मेलमुळे झाली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण परब म्हणतात की एजंटकडे बदली माणसंच नव्हती.

दाजींची साखर चार महिन्यांत ताब्यात आली. मग एक दिवस ते आपणहून गोखल्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून आले. बाटल्यांचं सोडून. लपवून गोळ्या खायचा कंटाळा आला होता म्हणाले. गोखल्यांनी ऐकून घेतलं, ड्रॉवर उघडला आणि आपल्या गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर ठेवली. “अकरा वर्षं झाली मला,” ते म्हणाले. “जेवणाआधीची घेता की नंतरची?”

हे मला दाजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलो, आणि मग लक्षात आलं. तीन दिवस मी ज्या माणसाला घाबरत होतो, त्याला मी एकदाही समोर बसून भेटलो नव्हतो. पहिला मेल पाठवण्याआधी एकतीस जणांनाही नाही, दाजींनाही नाही. आता कुठलाही आकडा मेलमध्ये लिहिण्याआधी मी तो आकडा ज्याचा आहे त्या माणसाकडे जाऊन बसतो. वेळ जातो, पेट्रोल जातं, आणि निम्म्या वेळा माझा सिद्धांतही जातो.